अठ्ठेचाळीस चॅनलांची एक बेरीज: मोठा अ‍ॅनालॉग कन्सोल आतून कसा चालतो

प्रश्न असा आहे: स्टुडिओतल्या मोठ्या अ‍ॅनालॉग कन्सोलवर (अनेक आवाज मिसळणाऱ्या मिक्सिंग टेबलावर) हजारोंनी बटणे आणि नॉब असतात. त्यातून आवाज नेमका कोणत्या वाटेने जातो? आणि आवाजांची बेरीज तर काँप्युटरही करतो, मग या यंत्रात वेगळे काय घडते?

आधी बटणांची धास्ती घालवू. कन्सोलवर खरे तर एकच उभी पट्टी (एक चॅनल) असते आणि तीच ४८, ५६ किंवा ७२ वेळा शेजारी शेजारी बसवलेली असते. एक पट्टी कळली की जवळजवळ सगळा पृष्ठभाग कळतो. जे उरते ते सगळ्या पट्ट्यांना सामाईक असते: बस (सगळ्या चॅनलांचा आवाज एकत्र येतो ती तार), मास्टर सेक्शन, ग्राउंड (शून्य व्होल्टची जोडणी) आणि वीजपुरवठा. अवघड बाजू ही आहे. चांगला प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) एका छोट्या डबीतही बसवता येतो. पण ४८ चॅनल एकमेकांत न मिसळू देता आणि हिस (सततची सूं-सूं) न वाढू देता एकत्र करणे ही मोठ्या कन्सोलची खरी कारागिरी, आणि त्याची बहुतेक दुखणीही त्याच सामाईक भागातून येतात. म्हणून चॅनलबद्दल बेताचे आणि सामाईक भागाबद्दल जास्त लिहितो.

एका पट्टीतला प्रवास

माइकमधून निघणारा सिग्नल अगदी बारीक असतो. तो −५० डीबीयू (डेसिबलमध्ये मांडलेले व्होल्टेज) धरला तर सुमारे अडीच मिलिव्होल्ट. कन्सोलची कामाची पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, व्हीयू मीटरचे (पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरचे) शून्य तिथे लावलेले असते. फरक ५४ डीबीचा, म्हणजे सुमारे ५०० पट. ही वाढ सुरुवातीलाच, प्रीअँपमध्येच करून घ्यायची. नुसत्या १५० ओहमच्या रेझिस्टरलाही उष्णतेमुळे २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे −१३१ डीबीयू हिस असते, ती कोणालाच टाळता येत नाही. उत्तम प्रीअँप तिच्यात दोन-तीन डीबीची भर घालतो. पण गेन (वाढीचे प्रमाण) कमी ठेवून ती कसर पुढे फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या नॉबवर) भरून काढली, तर मधल्या प्रत्येक टप्प्याची हिसही सोबत वर येते.

कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, म्हणजे फँटम, माइकच्या सिग्नलच्याच दोन तारांवरून, दोन ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जातात. या दोन रेझिस्टरांच्या नेमक्या ओहमपेक्षा त्यांची जोडी जुळणे महत्त्वाचे. त्यांच्यातला फरक ०.४ टक्क्याच्या आत हवा. जोडी बिघडली की केबलवर आलेली गुणगुण दोन्ही तारांत सारखी राहत नाही आणि बॅलन्स्ड लाइनचा (दोन तारांतला फरकच घेणाऱ्या जोडणीचा) फायदाच कमी होतो. एखाद्या चॅनलवरच गुणगुण जास्त येत असेल आणि केबल बदलूनही जात नसेल, तर हे दोन रेझिस्टर आणि त्यांच्यामागचे कपलिंग कपॅसिटर मोजून पाहा. रिबन माइकच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: माइकची लाइन पॅचबेवर (कॉर्ड घालून वाटा जोडायच्या सॉकेटांच्या पॅनलवर) असेल आणि फँटम चालू असताना कॉर्ड घातली, तर आत सरकताना प्लगचे टोक आणि रिंग क्षणभर चुकीच्या संपर्कांना टेकतात. त्या क्षणी एकाच तारेवर व्होल्टेज जाऊन रिबन ताणली जाऊ शकते. फँटम बंद करा, काही सेकंद थांबा, मगच कॉर्डला हात लावा.

प्रीअँपनंतर फेज उलटवण्याचे बटण, हाय-पास फिल्टर (खर्ज छाटणारा), इक्यू (स्वरपट्टे वाढवणारा-घटवणारा), इन्सर्ट (बाहेरचे उपकरण मध्ये जोडण्याची जागा), फेडर, कट (चॅनल बंद करणारे बटण), पॅन (डावे-उजवे ठरवणारा नॉब) आणि शेवटी बसकडे नेणारी बटणे. क्रम कन्सोलप्रमाणे थोडा बदलतो. इन्सर्ट इक्यूच्या आधी आहे की नंतर, हे मॅन्युअल किंवा ब्लॉक आकृतीत बघूनच ठरवा. बाहेरचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे उपकरण) इक्यूच्या आधी बसला तर इक्यूने वाढवलेला खर्ज त्याला दिसतच नाही. नंतर बसला तर तोच खर्ज त्याला सतत दाबायला लावतो. नॉब तेच ठेवूनही आवाज वेगळा का येतो याचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

दोन घराण्यांची तुलना इथेच करून टाकू. नीव्ह कंपनीच्या १९७० च्या १०७३ मॉड्यूलमध्ये आत येताना ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर पडतानाही ट्रान्सफॉर्मर. वीजपुरवठा एकेरी, २४ व्होल्टचा. शेवटच्या क्लास-ए टप्प्याचा डीसी प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्याच वेढ्यातून वाहतो, म्हणून त्याच्या लोखंडी गाभ्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. नाहीतर गाभा डीसीनेच भरून गेला असता. ट्रान्सफॉर्मरमधला चुंबकीय प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात आणि फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे गाभा सर्वांत आधी खर्जात थकतो: ३० हर्ट्झला जोरात ढकलला की तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा) दिसू लागतो, १ किलोहर्ट्झला त्याच पातळीवर काहीच होत नाही. ज्याला लोक ‘जाडी’ म्हणतात तिचा मोठा हिस्सा हा. इक्यूचे टप्पेही ठरीव: खर्जाची शेल्फ (त्या टोकापर्यंतचा सगळा पट्टा उचलणारी) ३५, ६०, ११०, २२० हर्ट्झ, मधला पट्टा ३६० आणि ७०० हर्ट्झ, मग १.६, ३.२, ४.८, ७.२ किलोहर्ट्झ, वरची शेल्फ १२ किलोहर्ट्झला कायमची बसवलेली. निवड थोडी असली की हात लवकर चालतो, आणि हा गुण कमी लेखू नये.

कॉलिन सँडर्स यांच्या एसएसएल (सॉलिड स्टेट लॉजिक) कंपनीने दुसरी दिशा धरली. १९७९ च्या ४००० ई मालिकेत प्रत्येक चॅनलवर कॉम्प्रेसर आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), चारही पट्टे फिरवता येणारा इक्यू आणि सगळ्या फेडरांचे ऑटोमेशन (हालचाली साठवून पुन्हा घडवणे) एकाच डेस्कवर, म्हणजे कन्सोलवर, आले. मिक्सिंग करणाऱ्याला रॅककडे उठून जावे लागत नाही, हा त्या डेस्कचा मोठा शोध. आवाजाची चर्चा नंतरची.

एका मॉड्यूलमध्ये दोन वाटा

नवखा माणूस हमखास अडखळतो तो इनलाइन रचनेशी. म्हणून हे सावकाश वाचा.

मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर) रेकॉर्डिंग करताना एकाच वेळी दोन कामे चालतात. माइकचा आवाज रेकॉर्डरकडे पाठवायचा, आणि रेकॉर्डरकडून परत येणारा आवाज ऐकायचा. जुन्या स्प्लिट कन्सोलमध्ये यासाठी दोन वेगळे भाग असत: एका बाजूला इनपुट चॅनल, दुसऱ्या बाजूला मॉनिटर. वाट डोळ्यांना दिसते, पण २४ ट्रॅकसाठी डेस्क फार रुंद होतो. इनलाइन रचनेत दोन्ही वाटा एकाच पट्टीत घालतात. चॅनल वाट माइकपासून रेकॉर्डरच्या ट्रॅकपर्यंत. मॉनिटर वाट ट्रॅकच्या परतीपासून स्टिरिओ मिक्सपर्यंत. म्हणून प्रत्येक पट्टीवर दोन फेडर: एक मोठा, एक छोटा. कोणता फेडर कोणत्या वाटेवर, हे फ्लिप बटण ठरवते. इक्यू, कॉम्प्रेसर आणि ऑक्स सेंडही (रिव्हर्बसारख्या उपकरणाकडे आवाज पाठवणारे नॉब) या नाहीतर त्या वाटेवर ढकलता येतात.

यातून दोन चुका वारंवार होतात. पहिली: इक्यू मॉनिटर वाटेवर ठेवून आवाज सुंदर करून घेतला आणि रेकॉर्डिंग संपल्यावर कळले की ट्रॅकवर तो इक्यू गेलेलाच नाही. याच्या उलटही होते, ऐकण्यापुरता वाढवलेला खर्ज कायमचा टेपवर बसतो. दुसरी चूक जास्त त्रासदायक आहे. चॅनल वाटेचा इनपुट रेकॉर्डरच्या परतीवर ठेवला, त्याच ट्रॅकच्या बसचे बटण दाबलेले राहिले आणि रेकॉर्डर इनपुट मॉनिटरिंगवर गेला, की पूर्ण वर्तुळ तयार होते. क्षणात कर्कश किंचाळी. ट्विटर (स्पीकरचा वरच्या स्वरांचा भाग) आणि कान दोन्हींना धोका. म्हणून मिक्सला बसण्यापूर्वी ट्रॅक-बसची सगळी बटणे वर (म्हणजे बंद) आहेत याची खात्री करण्याची सवय लावून घ्या.

मिक्सच्या वेळी मल्टिट्रॅकची परती मोठ्या फेडरवर येते आणि छोट्या फेडरची वाट मोकळी होते. तिथे रिव्हर्ब, सिंथ किंवा अधिकचे ट्रॅक घेता येतात. ४८ मॉड्यूलचा डेस्क ९६ इनपुटचा होतो तो असा.

बेरीज: इथे कन्सोलची परीक्षा होते

आता मुख्य विषय. स्टिरिओ बस म्हणजे डेस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली एक तार. (डावी-उजवी मिळून दोन.) प्रत्येक चॅनल समजा १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्या तारेला जोडलेला. तारेच्या शेवटी समिंग अँप, त्याचा फीडबॅक रेझिस्टरही १० किलोओहम. अँपच्या उलट्या इनपुटवरचे व्होल्टेज फीडबॅकमुळे जवळजवळ शून्य राहते, म्हणून त्याला व्हर्च्युअल अर्थ (आभासी ग्राउंड) म्हणतात. तार शून्यावरच असल्यामुळे एका चॅनलचा आवाज उलटा दुसऱ्या चॅनलमध्ये शिरत नाही, आणि शेजारून जाणाऱ्या इतर २४-३२ बसांवरही तो फारसा उडत नाही. जिथे व्होल्टेजच नाही तिथून गळणार काय?

पण याची किंमत मोजावी लागते. चॅनलच्या दृष्टीने अँपचा गेन १ आहे. अँपच्या स्वतःच्या हिसच्या दृष्टीने मात्र सगळे ४८ रेझिस्टर समांतर दिसतात आणि गेन होतो १ अधिक ४८, म्हणजे ४९ पट, सुमारे ३४ डीबी. ५५३२ जातीच्या ऑपअँपची (अँपच्या चिपची) हिस ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ धरा. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ती ०.७ मायक्रोव्होल्ट. गुणिले ४९, म्हणजे सुमारे ३५ मायक्रोव्होल्ट, −८७ डीबीयू. एकही फेडर वर नसताना आणि रेझिस्टरांची हिस अजून मोजायची असताना. ७२ चॅनलला हे आणखी साडेतीन डीबीने वाढते. म्हणून समिंग अँप हा साऱ्या डेस्कमधला सर्वांत शांत अँप असावा लागतो, आणि म्हणूनच काही डेस्कमध्ये आठ-आठ चॅनलांची बेरीज आधी करून मग त्या बेरजांची बेरीज करतात.

कट केलेल्या चॅनलबद्दल इथेच सांगतो. वापरात नसलेला चॅनल कट केला की त्या चॅनलची हिस थांबते, पण समिंग अँपचा ४९ पट गेन तसाच राहतो, कारण रेझिस्टर बसला जोडलेलाच असतो. बसचे बटण वर काढल्याने तो गेन कमी होईल का, हे स्विच कसा जोडला आहे त्यावर आहे. काही डेस्कमध्ये बटण वर असताना रेझिस्टर अधांतरी सुटतो: गेन कमी, हिसही कमी. काहींमध्ये रेझिस्टरचे चॅनलकडचे टोक ग्राउंडला टेकवलेले असते: हिस तेवढीच राहते, पण उघड्या स्विचमधून होणारी गळती थांबते आणि बसचे वर्तन कायम सारखे राहते. मला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

हिसपेक्षा मोठा शत्रू ग्राउंड. तीन-चार मीटर लांबीच्या तांब्याच्या पट्टीलाही काही मिलिओहम रोध असतो. पट्टीतून पुरवठ्याचे अँपिअर वाहत असतील तर एका टोकाचे ‘शून्य’ आणि दुसऱ्या टोकाचे ‘शून्य’ यांत फरक पडतो. समजा चॅनलांचे ग्राउंड आणि समिंग अँपचे ग्राउंड यांत केवळ ०.१ मिलिव्होल्ट गुणगुण आहे. ती प्रत्येक चॅनलमधून एकेक पट आत येते, ४८ वेळा, आणि सगळीकडे सारखीच असल्याने सरळ बेरीज होते: ४.८ मिलिव्होल्ट, सुमारे −४४ डीबीयू. कामाच्या पातळीपेक्षा फक्त ४८ डीबी खाली. हे ऐकू येते. यावरचा उपाय म्हणजे बससोबत दुसरी ‘ग्राउंड सेन्स’ तार धावते. तीही प्रत्येक चॅनलच्या ग्राउंडला तशाच रेझिस्टरमधून जोडतात आणि समिंग अँप दोहोंतला फरकच घेतो. अशा डेस्कमध्ये ती एक तार कुठे तुटली किंवा तिचा कनेक्टर काळवंडला, की सगळे चॅनल ठीक, सगळे अँप ठीक, आणि तरी मिक्समध्ये गुणगुण. चॅनल एकेक करून तपासणाऱ्याला ती सापडत नाही.

लांब बसला कपॅसिटन्सही असतो. व्हर्च्युअल अर्थवर टांगलेला कपॅसिटन्स अँपला अस्थिर करतो. म्हणून फीडबॅक रेझिस्टरवर काही पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर असतो. कोणी ‘सुधारणा’ म्हणून जुन्या ऑपअँपच्या जागी फार वेगवान नवा बसवला की इथे अनेक मेगाहर्ट्झचे दोलन सुरू होते. कानाला ते ऐकू येत नाही. येतो तो किंचित खरखरीत वरचा पट्टा आणि बोट भाजेल इतका गरम झालेला चिप. ऑपअँप बदलायचाच असेल तर ऑसिलोस्कोपशिवाय बदलू नका, आणि पुरवठ्याच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे याची खात्री करा.

आता पातळीचा हिशोब. ±१८ व्होल्टवर चालणारा अँप जेमतेम +२३ डीबीयूपर्यंत जातो, म्हणजे +४ च्या वर १९-२० डीबी जागा. एकमेकांशी संबंध नसलेले ४८ आवाज प्रत्येकी शून्य व्हीयूवर असतील तर बेरीज सुमारे १७ डीबीने चढते. शिल्लक राहिली दोन-तीन डीबी, आणि ड्रमचे टोक तर व्हीयू मीटरला दिसतही नाही, कारण काट्याला पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. म्हणून मिक्समध्ये चॅनल शून्य व्हीयूच्या बरेच खाली ठेवावे लागतात. आणि मिक्स भरडायला लागला तर मास्टर फेडर खाली ओढून उपयोग नाही. समिंग अँप मास्टर फेडरच्या आधी आहे. तो कापलेलाच राहील, फक्त हळू आवाजात ऐकू येईल. सगळे चॅनल, किंवा असतील तर त्यांचे व्हीसीए ग्रुप (त्यांच्याबद्दल पुढे), चार-सहा डीबी खाली घ्या.

काँप्युटरच्या बेरजेशी तुलना आता करता येते. फ्लोटिंग पॉइंटमधल्या बेरजेला हा ४९ पट गेन नाही, ग्राउंड नाही, गळती नाही, आणि छतही व्यवहारात नाही. नीट बांधलेला समिंग अँप त्याच्या किती जवळ जातो, एवढाच प्रश्न असतो. त्यामुळे केवळ ‘अ‍ॅनालॉग समिंग’मुळे जादू होते असे मी म्हणणार नाही. वेगळेपण येते ते ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून, इक्यूच्या वक्रांतून, प्रत्येक टप्पा किती जोरात हाकलला यातून, चॅनलागणिक असलेल्या बारीक फरकांतून, आणि दोन हातांनी आठ फेडर एकाच वेळी हलवता येतात यातून. कन्सोलवर प्रेम करायला ही कारणे पुरेशी आहेत.

फेडर, व्हीसीए आणि तापमान

साध्या डेस्कमध्ये आवाज फेडरच्या आतल्या रेझिस्टरच्या पट्टीतूनच जातो. त्यापुढे १० डीबीचा अँप असतो, म्हणून फेडरवर शून्याच्या वर +१० लिहिलेले दिसते. व्हीसीए (व्होल्टेजने गेन बदलणारा अँप) असलेल्या डेस्कमध्ये फेडरवर फक्त डीसी व्होल्टेज असते. आवाज व्हीसीए चिपमधून जातो आणि ते व्होल्टेज त्याचा गेन ठरवते. चिपच्या नियंत्रण पायावर साधारण ६ मिलिव्होल्टला १ डीबी हे प्रमाण. डीबी आणि व्होल्टेज असे सरळ जुळल्यामुळे ग्रुप करणे सोपे होते: ड्रमच्या दहा फेडरांच्या व्होल्टेजात ग्रुप फेडरचे व्होल्टेज मिळवले की झाले. ऑटोमेशनला तेच व्होल्टेज साठवून परत द्यायचे असते.

हे प्रमाण तापमानाबरोबर सरकते, दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. १० अंश फरकाला ३.३ टक्के. फेडर शून्यावर असेल तर चूक शून्य, पण −४० डीबीवर ती १.३ डीबी होते. डेस्कमध्ये याची भरपाई करणारे घटक असतात, तरी थंड डेस्कवर मिक्स सुरू करून दोन तासांनी तोल हलल्यासारखा वाटला तर हे आठवा. डेस्क तापून स्थिर व्हायला निदान एक तास द्या. कट दाबताना ‘ठप्प’ आवाज येत असेल तर त्या व्हीसीएचा ऑफसेट ट्रिम (बारीक जुळवणीचा स्क्रू) लावायचा राहिलेला आहे. दुसरा ट्रिम विकृतीचा: १ किलोहर्ट्झचा टोन देऊन, विकृती-मापकावर दुसरा हार्मोनिक कमीत कमी होईपर्यंत फिरवायचा.

मोटरवाले फेडर हा दुसरा मार्ग. नीव्हने १९७७ मध्ये नेकॅम ही ऑटोमेशन व्यवस्था आणली तेव्हापासून फेडर स्वतः हलताना दिसू लागले. आवाज फेडरच्याच पट्टीतून जातो, व्हीसीए लागत नाही. बदल्यात पट्टा, मोटर आणि स्पर्श ओळखणारे सर्किट यांची निगा पाठीशी लागते.

मास्टर सेक्शन

इथे थोडक्यात आटोपतो, फक्त अडचणीच्या जागा सांगतो. सोलो, म्हणजे निवडलेला चॅनल एकटाच ऐकण्याचे बटण, तीन प्रकारचा. पीएफएल फेडरच्या आधीचे ऐकवतो, एएफएल नंतरचे. दोन्हींमुळे मिक्सला धक्का लागत नाही. तिसरा, सोलो-इन-प्लेस, बाकी सगळे चॅनल खरोखर कट करतो, म्हणून मिक्स उतरवताना (अंतिम रेकॉर्डिंग करताना) तो चुकून लागला की ते रेकॉर्डिंग वाया. रिव्हर्बच्या परतीच्या चॅनलना सोलो-सेफ (सोलोने कट न होण्याची सोय) लावून ठेवा, नाहीतर सोलो केलेला आवाज कोरडा ऐकू येईल. आणि मीटर हलत आहेत, पण स्पीकरमध्ये काहीच नाही अशी स्थिती आली, तर आधी शोधा की कुठल्या रिकाम्या चॅनलचा सोलो अडकून राहिला आहे. सोलोची लॉजिक लाइन सगळ्यांना एकच असते. एक अडकलेले बटण सारी कंट्रोल रूम गप्प करते.

एसएसएलच्या मधल्या भागातला स्टिरिओ कॉम्प्रेसर प्रसिद्ध आहे. गुणोत्तर २, ४, १०; अटॅक ०.१ ते ३० मिलिसेकंद, रिलीज ०.१ ते १.२ सेकंद आणि ऑटो. ३० मिलिसेकंदांचा अटॅक ड्रमची थाप निघून जाऊ देतो, ऑटो रिलीज सुटका सांभाळतो. सुई दोन ते चार डीबी हलली की पुरे. त्याच सेक्शनमध्ये वादकांचे बोलणे ऐकण्यासाठी ‘लिसन माइक’चा कॉम्प्रेसर असतो. खोलीत कोण कितीही दूर असला तरी ऐकू यावा म्हणून तो फार जोरात दाबतो. १९८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅजम यांनी त्यातून फिल कॉलिन्स यांचे ड्रम ऐकले, तो आवाज रेकॉर्डरकडे वळवला आणि पुढे गेट लावला. त्या दशकातला ड्रमचा आवाज एका बोलण्याच्या सोयीतून निघाला.

वीज आणि उष्णता

प्रत्येक मॉड्यूल दर रेलवर (पुरवठ्याच्या +१८ आणि −१८ व्होल्टच्या तारेवर) ०.३ अँपिअर घेतो असे धरा. ±१८ व्होल्टवर ते ११ वॅट, ४८ मॉड्यूलना सव्वापाचशे. दर रेलवर १४ अँपिअर. मास्टर सेक्शन, मीटर, दिवे आणि लिनियर रेग्युलेटरमधली उष्णता मिळवली की किलोवॅटच्या पुढे जायला वेळ लागत नाही. म्हणून पुरवठा मशिन रूममध्ये ठेवतात, जाड तारांनी डेस्कपर्यंत आणतात, आणि तारेत पडणारी घट भरून काढायला बारीक सेन्स तारा परत नेतात. सेन्स तारेचा कनेक्टर ढिला झाला तर रेग्युलेटर चुकीचे व्होल्टेज देऊ लागतो. दर महिन्याला प्रत्येक रेल डेस्कच्या टोकाला मोजा, पुरवठ्याच्या टोकाला नव्हे.

गुणगुण कोणती, हे आधी कानाने ओळखा. मेनच्या फ्रिक्वेन्सीची गोल, मऊ गुणगुण बहुधा ग्राउंड लूप किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र. त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची टोकदार भुणभुण म्हणजे रेक्टिफायरनंतरचा मोठा कपॅसिटर थकला आहे. लूप तोडायला मेनच्या प्लगचा अर्थ (जमिनीशी असलेला संपर्क) कधीही तोडू नका. तो जिवाच्या रक्षणासाठी आहे. ऑडिओ केबलची शील्ड एका टोकाला सोडा, किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा. बाहेरच्या उपकरणात पिन १ (शील्डची पिन) चॅसीऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला असेल तर शील्डवरचा सगळा कचरा आत जातो. ती दुरुस्ती उपकरणातच करायची.

उष्णता इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरना मारते. दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मे. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ५५ अंशांना ३२ पट, म्हणजे ६४,००० तास टिकेल. डेस्क दिवसरात्र चालू असेल तर सव्वासात वर्षे. ४५ अंशांवर ठेवला तर दुप्पट. वातानुकूलनावर खर्च करताना हा हिशोब समोर ठेवा. डेस्क रोज बंद करावा का? रोज काम असेल तर चालू राहू द्या. प्रत्येक चालू-बंदला सोल्डर आणि कनेक्टर प्रसरण-आकुंचनाचा ताण सोसतात. आठवडाभर काम नसेल तर बंद करा. स्पीकरचे अँप सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद.

निगा आणि बिघाड

बिघडलेल्या चॅनलची पहिली चाचणी नेहमी एकच: पुरवठा बंद करून तो मॉड्यूल शेजारच्या चांगल्या मॉड्यूलशी अदलाबदल करा. दोष मॉड्यूलबरोबर गेला तर आत शोधा. जागेवरच राहिला तर कनेक्टर, फ्रेमची वायरिंग किंवा पॅचबे. चालू पुरवठ्यावर मॉड्यूल ओढू नका. रेल वेगवेगळ्या क्षणी सुटतात आणि आउटपुटला पूर्ण डीसी जाऊ शकतो.

पॅचबेकडे संशयाने पाहायला हवे. ४.४ मिलिमीटरच्या प्लगचे सॉकेट, एका पॅनलवर ९६. हाफ-नॉर्मल जोडणीत (कॉर्ड नसताना वरची-खालची सॉकेटे आतूनच जोडलेली असतात) वरच्या ओळीत कॉर्ड घातली तर मूळ वाट तुटत नाही, खालच्या ओळीत घातली की तुटते. हा नॉर्मल संपर्क वर्षानुवर्षे न हलल्याने काळवंडतो. लक्षण: आवाज मधूनच बारीक किंवा भरडा होतो आणि त्या सॉकेटमध्ये प्लग दोनदा आत-बाहेर केला की ‘बरा’ होतो. असे झाले की स्वच्छता करा, नुसते बरे झाल्याचे समाधान मानू नका. कार्बन आणि प्लास्टिकच्या पट्टीच्या फेडरवर स्विचसाठीचा तीव्र क्लीनर मारू नका. वंगण धुऊन जाते आणि फेडर आधीपेक्षा लवकर खरखरतो. फेडरसाठीचा वेगळा द्रव असतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर दर वेळी दोष पॉटचा (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरचा) नसतो. आधीचा कपॅसिटर डीसी गळू देत असला तरी नेमकी तशीच खरखर येते. पॉटच्या पायावर मिलिव्होल्ट मोजा.

कपॅसिटर बदलण्याचा क्रम: आधी पुरवठा, मग मास्टर सेक्शन आणि समिंग अँप, मग चॅनल. चॅनल बदलताना एक जुना तसाच बाजूला ठेवा, तुलनेसाठी. तारीख आणि ध्रुवता प्रत्येक बोर्डवर लिहा. जुन्या दुहेरी बोर्डवर जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न टेकवले की भोकातले तांबे उचकटते आणि मग कपॅसिटर बदललेला असूनही चॅनल मुका. सोल्डर शोषणारे यंत्र वापरा. या कामात कंजुषी परवडत नाही.

वर्षातून दोनदा लाइन-अप, म्हणजे सगळ्या चॅनलांची पातळी जुळवणे. १ किलोहर्ट्झचा +४ डीबीयू टोन एकेका चॅनलच्या लाइन इनपुटला द्या, इक्यू बाहेर, फेडर शून्यावर. बस आउटपुट सगळ्या चॅनलना पाव डीबीच्या आत यायला हवा. पॅन मध्यावर असताना डावे-उजवे ०.२ डीबीच्या आत. मग ५० हर्ट्झ आणि १५ किलोहर्ट्झ. एखादा चॅनल ५० हर्ट्झला अर्ध्या डीबीहून खाली गेला तर त्याचा कपलिंग कपॅसिटर सुकत चालला आहे, तो आवाजात जाणवायच्या आधीच पकडता येतो. त्याच बैठकीत कन्व्हर्टरही (अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर करणारे उपकरण) लावा: +४ डीबीयूला डिजिटल −१८ ठेवले तर डिजिटल शून्य +२२ डीबीयूला येते, म्हणजे साधारण डेस्क जिथे थकतो तिथेच.

जुने मिक्स पुन्हा लावण्याबद्दल एक गैरसमज आहे. एसएसएलचे टोटल रिकॉल नॉब फिरवत नाही; ते नॉबची जागा वाचून पडद्यावर दाखवते, फिरवायचे माणसाने. मिक्स उतरवतानाच १ किलोहर्ट्झचा टोन प्रत्येक इन्सर्टमधून पाठवून त्याची पातळी कागदावर लिहून ठेवा, बाहेरच्या उपकरणांचे फोटो आणि पॅचबेची यादी जोडा, आणि मिक्सची एक प्रत मल्टिट्रॅकच्या दोन मोकळ्या ट्रॅकवर घ्या. रिकॉलनंतर ती प्रत आणि चालू मिक्स अदलून बदलून ऐका, मग एकाची फेज उलटी करून दोन्ही एकत्र वाजवा. जे शिल्लक ऐकू येते, तो चॅनल अजून जुळलेला नाही.